चिमटेवाली आणि पाच किलोंची चूक

शिंपी तावातावाने बोलत होता आणि चिमटेवाली त्याच्याकडे बघतही नव्हती. ओट्यावरच्या तपकिरी कुत्रीच्या कानातून ती गोचीड काढत होती. चिमटा कातडीला अगदी टेकवून धरायचा, सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही, आणि निघालेली गोचीड साबणाच्या पाण्यात टाकायची. हे काम अर्धवट सोडता येत नाही. तोंड कातडीत तुटून राहिलं तर तिथे गाठ धरते.

“पहाटेपासून थरथरतोय माझा कुत्रा, बटण,” शिंपी म्हणाला. “दोनदा ओकला. डॉक्टरांकडे नेला, त्यांनी धुऊन काढला, सुई दिली. आता पडून आहे. पण मला म्हणाले, मानेवर थेंब कुणी टाकले, त्यांना जाऊन विचारा.”

“मी टाकले,” ती म्हणाली. “काल सकाळी.”

“म्हणून तर आलोय ना मावशी. काय टाकलंत?”

मी शेजारच्या पायरीवर बसून आमच्या मोर्चाचे फलक रंगवत होते. ब्रश तसाच ठेवला. मला वाटलं, ही आता त्याला दोन खरमरीत शब्द ऐकवेल. तिने चिमटा पुसला, कुत्री मालकिणीच्या हातात दिली आणि म्हणाली, “औषधच खोटं असणार.”

ते वाक्य मी लगेच उचललं. त्याची लाज मला अजून वाटते, पण ते पुढे येईलच.

ही बाई कोण, ते आधी सांगते. जनावरांच्या दवाखान्यात तिने अकरा वर्षं काम केलं. फरशी पुसायची, पिंजरे धुवायचे आणि डॉक्टर सुई देताना जनावर धरायचं. धरणं हेच खरं काम. चावऱ्या कुत्र्यालासुद्धा ती असं काही काखेत घ्यायची की तो चावायचं विसरायचा. तिथे एकदा एका घरच्यांनी मांजर आणलं. कुत्र्याच्या गोचिडांचे थेंब त्यांनी मांजराच्या मानेवर टाकले होते, उरलेले वाया कशाला घालवायचे म्हणून. मांजर हिच्या हातातच झटके देत गेलं. त्या दिवसापासून औषधाच्या खोक्यावर कुत्र्याचं चित्र असलं की ते मांजराच्या खोलीतही न्यायचं नाही, असा तिचा कायदा. कुत्रा आणि मांजर एकाच घरात असतील तर थेंब पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवायला लावायची. मांजर चाटतं ना.

दवाखाना दुसरीकडे हलला तेव्हा तिने त्याच जुन्या इमारतीमागच्या नळाजवळचा सिमेंटचा ओटा धरला. मी तिला पहिल्यांदा बघितलं ते भांडताना. एक गृहस्थ पिकावर फवारायचं औषध पाण्यात कालवून पिल्लाच्या अंगावर ओतायला निघाले होते. मीही तिथे ओरडायलाच थांबले होते, पण माझ्याआधी तिने बादली लाथाडली. आमच्या भागात रॉकेल लावणारे होते, डांबराच्या गोळ्या पट्ट्यात बांधणारे होते. या सगळ्यांना तिने एकटीने वळणावर आणलं. मला पत्रकं वाटून जे जमलं नाही ते तिने नुसत्या जिभेने केलं. मला ती “पुढारीणबाई” म्हणायची, आणि त्यात कौतुक किती न् टोमणा किती हे मी कधी मोजलं नाही.

तिची कामाची पद्धत ठरलेली. आंघोळीच्या दिवशी थेंब नाहीत, दोन दिवसांनी कोरड्या अंगाने या. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला थेंब नाहीतच, नुसत्या बारीक फणीने पिसवा काढायच्या. आणि वजन केल्याशिवाय थेंबांची नळी फोडायची नाही, कारण नळ्या वजनाप्रमाणे लहानमोठ्या येतात. ओट्याखाली घरगुती वजनकाटा होता. कुत्र्याला कडेवर घेऊन ती त्यावर उभी राहायची. कुत्र्यामुळे तिला खालचं दिसायचं नाही, म्हणून आकडा मालकाने वाचायचा आणि वजाबाकी तिने करायची. “त्र्याहत्तर? एकसष्ट माझे गेले, बारा राहिले.” तिचं वजन एकसष्ट हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही पाठ.

तर आम्ही दोघी, ती जिथून नळ्या आणायची त्या जनावरांच्या औषध-खाण्याच्या दुकानात गेलो. वाटेत मी तिला बोलूच दिलं नाही. बनावट माल, संघटना, तक्रार, दुकानाला टाळं, सगळं माझं ठरून गेलं होतं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी दुकानदाराला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. तो माणूस गोणीतून खाणं मोजून देत होता, देतच राहिला.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा तो चिमटेवालीला म्हणाला, “कुठली नळी टाकली, मावशी?”

“दहा किलोंच्या पुढची. बटण बारा किलोचा आहे.”

“शिंप्याचा बटण? तो बारा कधी झाला?” त्याने पुडी बांधली. “मागच्या महिन्यात जंताच्या गोळीसाठी मी त्याला याच काट्यावर ठेवला होता. सात. एका महिन्यात पाच किलो वाढायला तो काय कुत्रा आहे की कलिंगड?”

एक गिऱ्हाईक हसलं. चिमटेवालीचा चेहरा पडला नाही, घट्ट झाला. “तुमचा काटा पोत्यांचा आहे.”

“पोत्यांचाच आहे. पण पोत्यात कमी भरलं तर लोक मला सोडत नाहीत. तुम्ही कसं मोजता?”

“उचलून. त्र्याहत्तर भरले, शिंप्याने स्वतः वाचले. त्यातून एकसष्ट वजा.”

“आणि हे एकसष्ट कुणी वाचले?”

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी तिने स्वतःचं वजन केलं होतं. त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर कुत्र्याशिवाय ती काट्यावर कधी उभीच राहिली नव्हती. कशाला राहील? काटा कुत्र्यांसाठी होता.

दुकानदाराने गोणी बाजूला सरकवली. ती काट्यावर चढली. काटा सहासष्टवर थांबला. ती उतरली, चप्पल काढली, पुन्हा चढली. तेच. दिवसभर ओट्याशी बसून काम, चार वर्षांत कधी चढले ते पाच किलो, कुणाला कळणार? आणि बाईला कोण सांगणार?

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, बहुधा काट्याबद्दलच, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. “हाताला हलका लागला होता,” ती म्हणाली. “केसाळ आहे म्हणून म्हटलं, केसांनी फसवतो. काटा कशाला खोटं बोलेल, म्हटलं.” मग एकदम तिने माझं मनगट धरलं. “आजोबा.”

आजोबा म्हणजे नर्सबाईंचा कुत्रा. चौदा वर्षांचा, एका डोळ्याने अधू, बोटभर पायांचा. त्याच दिवशी सकाळी साडेसातला, ड्युटीवर जायच्या आधी, नर्सबाई त्याला ओट्यावर घेऊन आल्या होत्या. मीच तिथे होते. आठ किलो, असं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आठातून पाच गेले तर तीन. तीन किलोंच्या म्हाताऱ्या अंगावर चार ते दहा किलोंसाठीची नळी, आणि घरात तो एकटा. घराला कुलूप.

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

नर्सबाईंचा फोन लागत नव्हता. वॉर्डात फोन कपाटात ठेवावा लागतो, हे मला ठाऊक होतं, तरी मी चालता चालता सहा वेळा लावला. चिमटेवाली पळत नव्हती, पण तिच्याबरोबर चालायला मला पळावं लागत होतं. सिग्नलला ती थांबली तरी पाय थांबेनात, जागच्या जागी वर-खाली होत होते. दोनदा म्हणाली, “चार तास झाले.” तिसऱ्यांदा नुसतं “चार” म्हणाली.

हॉस्पिटलच्या दाराशी पहारेकऱ्याने हात आडवा केला. भेटीची वेळ नाही, म्हणाला. “आजोबा घरात एकटे आहेत, त्यांना झटके येत असतील,” ती म्हणाली. त्याने हात काढला. लिफ्टची वाट न बघता आम्ही तीन मजले चढलो. मी दुसऱ्यावरच धापा टाकत होते.

नर्सबाई सलाइनची बाटली लावत होत्या. आम्हाला बघून त्यांनी बाटली लावून पूर्ण केली, नळी तपासली, मग बाहेर आल्या. माझी अपेक्षा होती की चिमटेवाली जरा घोळून सांगेल. मी असते तर घोळून सांगितलं असतं.

“मी आजोबांना जास्त औषध टाकलंय,” ती म्हणाली. “माझ्या हिशेबात चूक झाली. तो आठ नाही, तीन किलोचा आहे.”

नर्सबाईंनी एकदाही “कसं काय” म्हटलं नाही. “किती वाजता?”

“साडेसात.”

“खोकं आहे?”

तिने पदराच्या गाठीतून चेपलेलं खोकं काढलं. वापरलेलं खोकं ती महिनाभर टाकत नाही, हा तिचा आणखी एक कायदा. नर्सबाईंनी ते वाचलं, बारीक अक्षरंसुद्धा, आणि किल्ली दिली. “तुम्ही पुढे व्हा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण. खोकं डॉक्टरांना दाखवा. मी माझ्या जागी कुणाला तरी उभं करून येते.”

घर दोन गल्ल्या सोडून. दार उघडल्यावर आत काहीच आवाज नाही. पलंगाखाली नाही, मोरीत नाही. चिमटेवालीने हाक मारली नाही, ती जमिनीवर पालथी झाली आणि कपडे धुण्याच्या यंत्रामागे हात घातला. आजोबा तिथे भिंतीला चिकटून होता. लाळेने गळा भिजलेला, मागचे पाय तारेसारखे थरथरत होते. एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं आणि तिचा हात हुंगला. त्याच हाताने सकाळी थेंब टाकले होते.

पाणी मी तापवलं. तिने कोपर बुडवून बघितलं, जास्त गरम म्हणून परत थंड ओतलं. मान, पाठ, पुन्हा मान. साबण तोंडात जाऊ नये म्हणून हनुवटी तळहातावर उचलून धरलेली. तिसऱ्यांदा धुतल्यावर टॉवेलात गुंडाळला, तोपर्यंत नर्सबाई आल्या आणि आम्ही डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी खोकं बघितलं, सुई दिली, म्हणाले, धुतलंत ते बरं केलंत, संध्याकाळपर्यंत इथेच राहू द्या.

ती संध्याकाळ मला आठवतेय. बाकावर तिघी. नर्सबाई उठून आत जायच्या, यायच्या. मी दुकानदाराची माफी मागायची वाक्यं मनात जुळवत होते, एकही धड होत नव्हतं. चिमटेवाली बोटांवर काहीतरी मोजत होती. पाच वाजता आतून डॉक्टर म्हणाले, थरथर थांबली, पाणी प्यायला, घरी न्या. पण आज नजर ठेवा.

नर्सबाईंनी आजोबाला छातीशी घेतलं. दारात थांबल्या. “मावशी, तुम्ही पळत आलात हे मी विसरणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्याला आता पुन्हा हात लावू नका.”

“नाही लावणार,” ती म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं. तिने माझ्या पायावर पाय दिला.

त्या गेल्यावर मी म्हटलं, चल, घरी जाऊ, आज खूप झालं. ती उलट्या दिशेने निघाली होती. “आणखी किती?” मी विचारलं.

“लहान तीन. कापडवाल्यांची पांढरी, ड्रायव्हरची, आणि शाळेतल्या बाईंची. तिघांनाही थेंब टाकून महिना होत आला.”

“महिना झाला म्हणजे त्यांना काही झालं नाही. मग उगाच कशाला सांगायचं? अर्धी गिऱ्हाइकं जातील.”

“महिना भरला की पुढच्या थेंबांची तारीख येईल ना, पुढारीणबाई. माझ्याकडे येतील नाहीतर दुकानातून नळी आणतील. आणि माझाच आकडा सांगतील. दुकानदार त्याच आकड्यावर नळी देईल.” ती चालता चालताच बोलत होती. “माझं एक वेळ जाऊ दे. आकडा त्यांच्या डोक्यातून काढायला हवा.”

कापडवाल्यांच्या दारात त्यांच्या सुनेने दार उघडलं. मागून पांढरी कुत्री नाचत आली आणि चिमटेवालीच्या पायांवर चढली.

“अय्या मावशी, आत या ना. आमची तर एकदम ठणठणीत आहे.”

“तेच सांगायला आलेय,” ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली. कुत्रीला तिने उचललं नाही, दोन्ही हात मागे घेतले होते. “हिचं वजन मी तुम्हाला चुकीचं सांगितलंय. एक कागद घ्या आणि खरं वजन निघेल ते त्यावर लिहून ठेवा. माझ्या हातचं वजन नको. दुकानातल्या मोठ्या काट्यावर करून घ्या, उद्याच.”

सून हसतच आत कागद शोधायला गेली. आम्ही दारात उभ्या. चिमटेवालीची नजर जिन्यावर होती. ड्रायव्हरचं घर वरच्या मजल्यावर, आणि तो सहाला कामावर निघतो.