एकटीनं जुळत नसतं

मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. रविवार होता. "राजमणीबाई गेल्या," ते म्हणाले, आणि मी विचारलं, "कुठं गेल्या?"... त्यांनी दवाखान्याचं नाव घेतलं, तेव्हा कळलं. सकाळी जिना उतरताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. आदल्या दिवशी शाळा सुटताना त्या मला म्हणाल्या होत्या, "सोमवारी लवकर या की, नववीचे पेपर काढायचेत." दीड महिना झाला. अजून त्यांच्याबद्दल 'होत्या' म्हणताना माझी जीभ अडखळते.

बावीस वर्षं आम्ही सोलापुरातल्या एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवते, त्या विज्ञान शिकवायच्या. त्यांचं घर शुक्रवार पेठेत, माहेर कापड विणणाऱ्या मागवाल्यांचं, घरची भाषा तेलुगू. नव्या असताना त्यांनी एकदा रजेच्या चिठ्ठीत लिहिलं, 'उद्या यायला जुळत नाही.' मी शिक्षक-खोलीत सगळ्यांदेखत हसले. "बाई, पत्रिका जुळते, सूर जुळतात. यायला 'जमत' नाही म्हणायचं." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्यात दोन्हीला एकच शब्द हाय की. कुदरदु. लग्न ठरलं नाही तरी कुदरदु, यायला झालं नाही तरी कुदरदु." मग चिठ्ठी परत घेऊन शब्द खोडला आणि वर 'जमत' लिहिलं. त्या दिवसापासून आमचं जुळलं ते जुळलंच. मधल्या सुट्टीत आमचे डबे एकत्र उघडायचे. त्यांच्या घरी मात्र मी कधी गेले नव्हते. त्यांनी बोलावलं नाही आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझी मुलगी मृण्मयी माळशिरसहून एका पिशवीनिशी घरी आली. सासरी ऊस, ट्रॅक्टर, मोठं घर, सगळं होतं, पण तिचा फोन काढून घेतला होता आणि दोनदा हात उगारला होता. माझे दादा आले, वहिनी आल्या. दादा म्हणाले, "थोडं जुळवून घ्यावंच लागतं बायकांना." आणि... आज लिहायला लाज वाटते, मीही म्हणाले, "बघ बाई, जुळवून घेता आलं तर."

राजमणीबाई तेव्हा कोपऱ्यात बसल्या होत्या. मी सकाळी फोनवर रडले होते म्हणून शाळा सुटल्यावर थेट आल्या होत्या. चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "सुनंदाताई, तुम्ही मराठीच्या बाई. सांगा, 'जुळलं' म्हणायला किती जण लागतात?"

"दोन."

"आणि 'जुळवून घे' किती जणांना सांगतात?"

"एकालाच," त्याच म्हणाल्या. "दुसरा नुसता बसून असतो. एकटीनं जुळत नसतं, ताई." दादा उठून बाहेर गेले. राजमणीबाई मृण्मयीला घेऊन गच्चीवर गेल्या आणि अंधार पडेपर्यंत खाली आल्या नाहीत. मृण्मयी माळशिरसला परत गेली नाही. आज ती इथून रोज जाऊन-येऊन अक्कलकोटच्या एका शाळेत शिकवते.

दहाव्या दिवशी मी शुक्रवार पेठेत गेले. खाली त्यांचे यजमान पांढऱ्या शर्टात लोकांचे नमस्कार घेत बसले होते. शाळेची पुस्तकं न्यायची होती म्हणून राजमणीबाईंची धाकटी बहीण मला वर त्यांच्या खोलीत घेऊन गेली. एक खाट, एक टेबल, भिंतीला पुस्तकं. पुस्तकं काढताना दाराकडे लक्ष गेलं. आतून दोन कड्या होत्या. एक जुनी, गंजलेली, दुसरी नवी, चांगली जाड. मी बहिणीकडे पाहिलं.

"पहिली लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची," ती हळूच म्हणाली. "दुसरी ह्या दिवाळीनंतर लावून घेतली आक्कानं."

खालून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. बहीण दार लोटून घेत म्हणाली, "हात मोडून आली होती की माहेरी. आमचे वडील म्हणाले, सर्दुकुपो. आणि प्लास्टर निघायच्या आधीच परत आणून सोडलं. सर्दुकुपो म्हणजे तुमच्या मराठीत..."

"जुळवून घे," मीच म्हणाले.

घरी आल्यावर मृण्मयीला सगळं सांगितलं. ती दचकली नाही. "मला माहीत होतं," म्हणाली. "गच्चीवर त्यांनी हात दाखवला होता, वाकडा बसलेला. म्हणाल्या, मला कुणी थांबवलं नाही, तुला मी थांबवते."

"आणि मला कुणीच सांगितलं नाही?"

"तुला सांगू नको म्हणाल्या होत्या." मृण्मयी माझ्याजवळ येऊन बसली. "म्हणाल्या, शाळेत मी तुझ्या आईच्या शेजारी बसते. तिथं तरी मला नुसती विज्ञानाची बाई राहू दे."

बावीस वर्षं... रोज सहा तास, हाताला हात लागेल इतक्या जवळ.

गेल्या आठवड्यात त्यांच्या खुर्चीवर नव्या बाई आल्या. सव्वीस-सत्तावीसच्या असतील. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "घरी कोण कोण असतं? सगळं बरं आहे ना?" त्या गोंधळल्या, हसल्या, "हो की, बरंय," म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडू लागल्या. मी माझा डबा तसाच ठेवला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि पुन्हा विचारलं.