खालच्या मजल्यावरचा रुसवा

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी, खालच्या मजल्यावरच्या फिलिपिनो शेजाऱ्याने आपल्या मुलीशी बोलणं थांबवलं. परदेशात राहणाऱ्या फिलिपिनो नागरिकांच्या मतदारनोंदणीची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. मुलगी नुकतीच अठरा वर्षांची झाली होती आणि तिने नाव नोंदवायला नकार दिला होता.

आम्ही मुहर्रकला एका जुन्या इमारतीत राहतो. शेजारी विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहे. त्याची बायको झल्लाकच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला जाते. मुलगी बहरीनमध्येच जन्मली, इथेच शिकली. मी मनामात एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. शेजारी मला ‘कुया’ म्हणतो, म्हणजे दादा, आणि माझ्या बायकोला ‘आते’, म्हणजे ताई. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं त्यांच्यात उद्धटपणाचं समजतात.

काही बिघडलं आहे, हे आम्हाला जिन्यात कळलं. जेवताना त्यांचं दार उघडं असतं आणि जिन्यावरून कोणीही गेलं, की शेजारी आतून हाक देतो, “काइन तायो.” चला, जेवू या. कुरिअरवाला असो, घरमालक असो, हाक ठरलेली. त्या मंगळवारी दार उघडं होतं, ताटं मांडलेली होती, हाक आली नाही. शेजारी खाली गाडीत बसला होता. एसी चालू, सीट मागे केलेली.

बुधवारी संध्याकाळी मुलगी आमच्याकडे आली. बायको कोथिंबीर निवडत होती. मुलगी तिच्यासमोर बसून काड्या वेगळ्या करू लागली.

“मी पपांना विचारलं, रागावलात का? म्हणाले, नाही. परत विचारलं. म्हणाले, नाही, जाऊन अभ्यास कर. मग जेवायला का येत नाहीत?”

“रुसलेत,” बायको मराठीत म्हणाली आणि मग इंग्रजीत सांगू लागली. मुलीला सांगायची गरज नव्हती. त्यांच्या भाषेत याला ‘ताम्पो’ म्हणतात. आवाज चढवायचा नाही, कारण सांगायचं नाही. बाजूला व्हायचं आणि आपल्या माणसाने येऊन समजूत काढेपर्यंत तिथेच थांबायचं. परक्या माणसावर ताम्पो करत नाहीत.

“हे मुलांनी करायचं असतं,” मुलगी म्हणाली. “वडिलांनी नाही.”

नाव का नोंदवायचं नाही, असं मी विचारलं.

“अंकल, मी तिथे नाताळापुरती जाते. चर्च आणि मॉल सोडून काही पाहिलेलं नाही. मी चुकीचा सिनेटर निवडला, तर पाणी लोलाच्या घरात शिरणार, माझ्या नाही. ज्याचं घर बुडतं त्याने मत द्यावं.” लोला म्हणजे आजी. तिचं घर नदीकाठी आहे. पावसाळ्यात खालची खोली रिकामी करतात.

“आणि पपा काय म्हणतात?”

“पपा म्हणतात, तुझा पासपोर्ट कुठला? एवढंच.” तिने काडी बाजूला टाकली. “तुम्ही देता मत?”

“माझं नाव पुण्याच्या यादीत आहे. मत द्यायला तिथे जावं लागतं.”

“गेलात कधी?”

“नाही.”

“मग पपांनी तुमच्यावरही ताम्पो करायला हवा.”

“यांच्यावर रुसायला मी आहे की,” बायको म्हणाली.

गुरुवारी पार्किंगमध्ये शेजारी भेटला. गाडीत काय करता, असं विचारलं. “एसी चेक करतोय, कुया.” मी मुलीचा विषय काढला. तो हसला, “सब ठीक, नो प्रॉब्लेम,” म्हणाला आणि त्याने काच वर घेतली. रात्रीच्या जेवणालाही तो वर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने जिन्यात माझ्या बायकोला सांगितलं, “आते, त्याला विचारू नका. विचारलं की त्याला ‘नाही’ म्हणावं लागतं. आणि ‘नाही’ म्हटलं, की अजून एक दिवस बसावं लागतं.”

पुढचं नंतर तिनेच सांगितलं. शुक्रवारी दुपारी त्यांचा आजीशी व्हिडिओ कॉल असतो. मोठ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा, ही त्यांची रीत. आजी हात कॅमेऱ्यापुढे धरते आणि हे लोक फोनला कपाळ टेकवतात. त्या दिवशी मायलेकींनीच कपाळ टेकवलं. माझा मुलगा कुठे, असं आजीने विचारलं. गाडीत, असं कळल्यावर ती खूप हसली. लहानपणी तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन बसायचा.

मग नातीने तिला आपलं म्हणणं सांगितलं. मतदान तुमचं, तुम्हीच करा.

“आम्ही कसं करणार?” आजी म्हणाली. “पुरात ज्याने तांदळाचं पोतं दिलं, तोच निवडणुकीला दारात येतो. त्याचे उपकार आहेत, त्याला नाही म्हणता येत नाही. मी दरवेळी त्या पोत्यालाच मत देते. तुझ्यावर तिथे कोणाचे उपकार आहेत?”

फोन ठेवल्यावर नातीने ताटात भात आणि तळलेला मासा वाढला आणि ती खाली गेली. ताट घेऊन ती गाडीत वडिलांच्या शेजारी बसली, हे आम्ही गॅलरीतून पाहिलं. काचा बंद होत्या. शेजारी जेवला. ताट तिने वर आणलं, तो तिच्यामागून आला.

रविवारी त्याने शिफ्ट बदलून घेतली आणि तिघं दूतावासात गेले. रांग बाहेरपर्यंत होती. रांगेत शेजारी मुलीला सिनेटसाठी कोण चांगलं, ते सांगू लागला. एकाने त्यांच्या गावाला पूल दिला होता.

“पपा, पोतं नको,” मुलगी म्हणाली.

मागे उभ्या असलेल्या बायकांना काही कळलं नाही. शेजाऱ्याची बायको हसली. तो गप्प झाला. पण तो रुसला नव्हता, असं तिचं म्हणणं. रांग सोडून तो सगळ्यांसाठी ज्यूस आणायला गेला.

मुलीचा फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले, सही घेतली. तिचा अर्ज पुढे मंजूर झाला.