‘बेकार’ फोल्डर

दुर्गेश्वरी सकाळपासून कॉम्प्युटरपुढं अडकून बसली होती. सौंदडच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं फोटो-व्हिडिओचं दुकान. बाई तशी धीट. वरातीतल्या झिंगलेल्या मामांना कोपरानं बाजूला सारून कॅमेरा रोखणारी. पण आज कॉम्प्युटर सुरू होई, जरा वेळ चाले, पडदा निळा पडे आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि आज थांबून चालणार नव्हतं.

कारण दुपारी चंदा येणार होती. उन्हाळ्यात चंदाचं लग्न दुर्गेश्वरीनंच शूट केलं होतं, आणि मागच्या आठवड्यात चंदाचे वडील योगराज बसल्या जागी गेले. “तेरवीच्या आधी बाबाले एकदा पाहू दे, ताई,” एवढंच पोरगी फोनवर बोलली होती. लग्नाचं सगळं चित्रण, अजून द्यायची राहिलेली तयार फिल्मसुद्धा, ह्या एकाच मशीनमध्ये. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी कधीच पुसून झालेली!

तिनं गोंदियाला गुलाबचंदला फोन लावला. मशीन त्यानंच विकली होती.

“मैडम, फॉर्मेट मार दो. एकदम नया हो जाएगा.”

“अन् आतलं?”

“वो तो जाएगा ही.”

“तुह्या घरचं जाऊन राहिलं काय रे, मेल्या!” म्हणून तिनं फोन आपटला. आपटला खरा, पण पुढं काय? चंदाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

मग ती आठवायला बसली. हे दुखणं सुरू व्हायच्या आधी काय होत होतं? कोपऱ्यात एक चौकट यायची, जागा संपत आली म्हणून. ती चौकट ही बया माशी हाकलावी तशी रोज हाकलायची. तिनं मशीन सेफ मोडमध्ये सुरू केली. त्यात मोजकंच चालतं, आवाजसुद्धा येत नाही, पण चालतं. सी-ड्राइव्हची पट्टी लालभडक, तसूभर जागा नाही. विंडोजला स्वतःच्या कामालाही थोडी मोकळी जागा लागते. ती न मिळाल्यानं ते घुसमटून पडत होतं.

म्हणजे काहीतरी पुसायलाच हवं. सगळ्यात मोठं फोल्डर ‘बेकार’ नावाचं. हललेली, अंधारी, कॅमेरा चुकून चालू राहिलेली दृश्यं, सगळी चंदाच्याच लग्नातली. नुसतं कचरापेटीत टाकून जागा होत नाही, कायमचंच पुसावं लागतं. तिनं फोल्डर निवडलं. पडद्यानं विचारलं, कायमचं पुसायचं? बोट ‘हो’वर गेलं आणि तिथंच थांबलं.

“पाहून तं घे आधी, दुर्गे,” ती स्वतःलाच म्हणाली.

तिनं ‘नाही’ दाबून फोल्डर उघडलं. पहिलंच दृश्य खुर्चीवर विसरलेल्या कॅमेऱ्याचं. मंडपामागं योगराज एकटे उभे. समोर कोणी नाही, तरी ओठ हलताहेत. थांबतात, उपरण्यानं तोंड पुसतात, पुन्हा बोलतात.

दुर्गेश्वरीनं माउसवरून हात असा झटकन उचलला, जणू तव्याचा चटका बसला. अगं आई गं, काय करत होते मी!

आणि तेव्हा कुठं तिचं लक्ष शेजारच्या पट्टीकडं गेलं. डी-ड्राइव्ह, अख्खी रिकामी. तिच्या सासूबाईंच्या, सुमित्राबाईंच्या घरात धान साठवायची एक ढोली सदा मोकळी ठेवायची रीत, नवं पीक येईल त्याच्यासाठी. त्याच सवयीनं सूनबाईंनी डी राखून ठेवली होती आणि सगळं सीमध्ये कोंबत गेल्या होत्या. धन्य ती अक्कल! तिनं अख्खं लग्न डीमध्ये हलवलं. एकेक फाइल जाईपर्यंत लाइट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडून बसली.

मशीन पुन्हा सुरू केली. ह्या वेळी पडदा निळा पडला नाही.

चंदा आली. तयार फिल्म शेवटपर्यंत बघितली. बाबा होते, पण कडेकडेला.

“पाठवणीच्या वेळी बाबा एक शब्द बोलले नाही, ताई. मले लय लागलं होतं तं.”

दुर्गेश्वरीनं ते खुर्चीवरचं दृश्य लावलं. आता आवाज होता. मंडपामागं योगराज एकच वाक्य घोकत होते.

“चंदे, तिकडं करमलं नाही तं फोन कर, मी येतो लगेच.” घसा खाकरून पुन्हा, “फोन कर, मी येतो लगेच.”

चंदानं पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, “हे फिल्ममध्ये काऊन नाही टाकलं, ताई?”

“मी तं आज हे पुसालेच निघाली होती, पोरी,” दुर्गेश्वरी म्हणाली. आणि तिनं फोल्डरवरचं ‘बेकार’ हे नाव खोडून तिथं ‘चंदाचे बाबा’ असं लिहिलं.