बोललेलं परत म्हणणारा

ती घटना मला आजही आठवते. बायको गेल्यापासून जास्तच आठवते. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. चिखली तालुक्यातल्या एका ठाण्यावर मी जमादार होतो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा घडलं तसं लिहितो.

आठवडी बाजारातून एक लहान पोरगी हरवली. दुसऱ्या सकाळी पोलीस पाटलानं खबर आणली, तिची एक चप्पल गावातल्या एका येड्याच्या हातात आहे. हा चांगला तिशीचा गडी, विधवा आईजवळ राहणारा. आम्ही पोचेपर्यंत लोकांनी त्याला झोडपला होता. चप्पल छातीशी धरलेली, सोडायला तयार नाही.

ठाण्यात फौजदारसाहेबांनी विचारलं, "पोरगी कुठे आहे?"

तो खाली बघत म्हणाला, "पोरगी कुठे आहे."

"तूच नेली ना?"

"तूच नेली ना."

दारातला शिपाई हसला. "साहेब, हा तं तुमच्यावरच ढकलून राह्यला."

साहेबांनी त्या येड्याच्या कानाखाली दिली. "विहिरीत टाकली?"

"विहिरीत टाकली."

"झाला कबूल. जमादार, गळ काढा."

दुपारपर्यंत आम्ही विहिरींत गळ टाकत होतो. पोरीचा बाप काठावर बसलेला. दोर वर येऊ लागला की तो डोळे मिटायचा.

जेवायला पोलीस लाईनीत घरी आलो तर बायको ताट वाढेना. "ठान्याच्या फाटकाशी एक म्हातारी सकाळपासून बसली हाय. तिले कोनी काही इचारलं काय?"

"ती त्या येड्याची माय आहे. तिला काय विचारायचं?"

"तो जिच्या हातचं खाते तिले नाही समजनार, अन् तुमाले समजन?"

तसाच उपाशी परत गेलो. म्हातारीला आत घेतलं.

ती साहेबांना म्हणाली, "बापा, तो लहानपनापासून असाच. जे म्हना तेच वापस म्हनते. त्याले पुसू नका. चप्पल हाती राहू द्या अन् मोकळा सोडा. पडलेली वस्तू उचलते, पाहते, अन् जिथची तिथं नेऊन ठेवते. लोकायनं मधातच धरला त्याले."

"पळाला तर?" साहेब म्हणाले.

"माझ्या जबाबदारीवर," मी म्हटलं.

अंतर ठेवून आम्ही त्याच्या मागं निघालो. कोणी तोंड उघडायचं नाही, असा सगळ्यांना दम भरला होता. बाजारामागच्या जुन्या खळ्यावर तो थांबला, वाकला आणि चप्पल नीट खाली ठेवली. हातभर पुढं पेवाचं तोंड खचलेलं होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. वापरात नसलं की वर गवत माजतं, कोणाला दिसत नाही. आतली कोंदलेली हवा माणूस मारते, म्हणून आधी दोरीनं कंदील सोडला. कंदील जळत राहिला, मग शिपाई उतरला. पोरगी तळाशी होती. पाय मोडलेला, ओरडून आवाज बसलेला, पण जीव होता.

पोरीच्या बापानं त्या येड्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो मागं सरकला.

महिनाभरानं गस्तीवर असताना म्हातारीकडं गेलो. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"बरा हाय काय रे?" मी विचारलं. काही नाही.

म्हातारी म्हणाली, "तवापासून बंदच झाला. मी म्हनो 'जेवतं काय', तो म्हने 'जेवतं काय'. घरात दोन मानसं हायत असं वाटे. आता मी एकलीच बोलून राह्यली."

पुढं मी फौजदार झालो. हाताखालच्या पोरांना सांगत गेलो, ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्याच्यावर आवाज चढवू नका. फाटकाशी कोण बसलंय ते आधी बघा. अशा माणसांच्या दुखण्याला आता नाव आहे म्हणतात. तेव्हा नाव नव्हतं, पण माय तर होती.

माझी बायको तशी कमी बोलायची. मी काही म्हटलं की नुसतं "हाव", म्हणजे हो, एवढंच म्हणायची. आता दिवेलागणीला मी म्हणतो, "थंडी पडली बरं का." म्हणतो, आणि सवयीनं थांबतो.