कोथरूडचं कुरण आणि मी सांगितलेली दहा नावं

सदाशिव पेठेतून कोथरूडला जायचं कारण सहसा कुणाला पडत नाही. मला पडलं. संगमावर इंग्रजांची कचेरी आहे, तिथे मी दुभाषा. तिथल्या एका साहेबांना गवताचं वेड. आपल्या विलायतेतली गवताची जुनी नावं त्यांनी एका वहीत उतरवली होती आणि आता इकडच्या गवतांची नावं त्यांना त्याच वहीत हवी होती. वहीची नक्कल त्यांच्या घोडदळाच्या पागेत जाणार होती.

"गवत ओळखता?" साहेबांनी विचारलं.

पुण्यात जन्मलेला माणूस 'माहीत नाही' म्हणत नाही. मी म्हणालो, "सगळं."

घरी हिने तीन दिवसांच्या दशम्या बांधल्या. "अहो, नदीपलीकडे जाताय, जपून," म्हणाली. अंतर दीड कोस आहे.

जाणाऱ्यांनी दिवाळी उलटल्यावर जावं, वाटा वाळलेल्या असतात. लकडी पुलाने नदी ओलांडावी. भाड्याचं तट्टू चार आण्यांत मिळतं, पण ते फक्त उतारावर चालतं, चढावर आपण चालायचं. एरंडवण्याच्या विहिरीचं पाणी गोड आहे, तिथेच पिऊन घ्यावं. कोथरूडला खायला काही मिळेल अशा भ्रमात राहू नये. पाटील दूध देतात आणि पिऊन होईपर्यंत समोर उभे राहतात.

साहेब आपल्या घोडीचा लगाम धरून पायीच चालले होते आणि वाटेत मला शब्द शिकवत होते. कुरण म्हणजे मेडो. कापलेलं गवत ओळीने पडतं ती ओळ म्हणजे स्वाथ. कापणीनंतर पुन्हा उगवतं ते आफ्टरमाथ. एका गवताचं नाव फॉक्सटेल, म्हणजे कोल्ह्याचं शेपूट. दुसऱ्याचं कॉक्सफूट, म्हणजे कोंबड्याचा पाय. हे ऐकून मला फार धीर आला. नावं अशीच ठेवायची असतील तर ते काम मला जमण्यासारखं होतं.

टेकडीखालच्या सरकारी कुरणात छातीइतकं गवत उभं होतं. साहेबांनी पहिली काडी उपटली.

"मांजरमिशी," मी म्हणालो.

मग उंदीरशेपूट झालं, सासूची वेणी झाली. संध्याकाळपर्यंत नऊ नावं शाईने लिहून झाली. दहावं गवत तांबूस होतं, त्याच्या शेंड्यांना पीळ पडलेला. मी 'रेशीमगोंडा' सांगितलं.

"घोड्याला चालतं?"

"उत्तम."

घोडे गवत खाताना मी पाहिले होते. साहेबांनी घोडी तिथेच चरायला सोडली आणि रात्री आम्ही पाटलांच्या ओसरीवर उतरलो.

सकाळी घोडीच्या तोंडातून लाळ गळत होती, लाळेत रक्त होतं. ती पाण्यालाही तोंड लावेना. साहेबांकडे ती आठ वर्षं होती. ते तिच्या मानेला टेकून उभे राहिले. पाटलांनी कुरण राखणाऱ्या भागूबाईंना बोलावणं धाडलं.

"कुनी सोडली हितं घोडी?" बाईंनी आल्याआल्या विचारलं. "कुसळी हाय ती! कुसळं झडल्याबिगर जनावराला दावत न्हाईत. शेंबडं पोरगं सांगंल."

त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि घोडीच्या जिभेखालून एकेक कुसळ उपटायला घेतलं. मी घोडीचं डोकं धरलं होतं.

"जगेल का हो बाई?"

"पानी प्याली तर जगंल. पंत, तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

समोर दगडावर वही उघडी होती. 'रेशीमगोंडा, घोड्यास उत्तम.' अक्षर माझंच होतं. नक्कल गेली असती तर सगळ्या पागेत हेच झालं असतं. माझे कान तापले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "दहाही नावं मी बनवली. मला एकही गवत माहीत नाही."

साहेबांनी दगडावरची वही उचलली. "सासूची वेणीसुद्धा?"

"सुद्धा."

"ते मला आवडलं होतं," असं म्हणून त्यांनी पान फाडलं.

उरलेला दिवस भागूबाई बोलत होत्या आणि मी लिहीत होतो. पवन्या, मारवेल, शेडा, कुंदा. आफ्टरमाथला त्यांच्याकडे फुटवा होता. कुठलं गवत कधी कापायचं हे त्या नावाबरोबरच सांगत. एका काडीपाशी मात्र थांबल्या. "ही म्या नाय वळखत," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी थक्क झालो. ऊन कलताना घोडी पाणी प्याली. मी तट्टाच्या आडोशाला जाऊन डोळे पुसले.

घरी हिने विचारलं, "कसं आहे कोथरूड?" मी म्हटलं, "हवा बरी आहे." राहायला जाण्यासारखं काही नाही.

महिन्याने साहेबांनी वहीची नक्कल दाखवली. प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितलं हे लिहिलं होतं. भागूबाई अठरा वेळा होत्या. मी चाचरत विचारलं, "आमचं कुठे?"

त्यांनी कुसळीचं पान उघडलं. 'कुसळं झडण्याआधी देऊ नये,' असं भागूबाईंच्या नावावर होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'देऊन पाहिले,' आणि पुढे माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, अगदी बिनचूक.