साहेबाची सुकेळी

औषधांच्या दुकानात पंचवीस वर्षं काउंटर सांभाळला, त्यामुळे कसलंही गिचमिड अक्षर मला वाचता येतं. निवृत्तीनंतर तेच कामी आलं. मुलीच्या ओळखीतल्या लंडनच्या एक बाई आपल्या खापरपणजोबांवर पुस्तक लिहीत होत्या. त्यांच्या जुन्या इंग्रजी पत्रांचे फोटो त्या पाठवायच्या आणि मी वसईजवळच्या नायगावच्या फ्लॅटमध्ये बसून ती टाइप करायचे.

हा साहेब एकोणिसाव्या वर्षी कारकून म्हणून मुंबईत आला. कापसाच्या व्यापारात गबर झाला. मायदेशी परतून निवडणूक हरला, पुन्हा उभा राहिला आणि पार्लमेंटात जाऊन बसला. तिथे एका भाषणात त्याने सांगितलं होतं की हिंदुस्थानातून अंजिरं आणायचा आपला धंदा तिथल्या लोकांच्या गलथानपणामुळे बुडाला. घरच्यांनीही पिढ्यान् पिढ्या तेच खरं मानलं.

एका सकाळी त्याने वसईहून लिहिलेलं पत्र उघडलं. 'इथलं अंजीर बोटाएवढं लांब, तपकिरी, वाळक्या पानात गुंडाळलेलं, मधासारखं गोड.' मी खुर्चीतून उठलेच.

"अहो, ही अंजिरं नाहीत! सुकेळी आहेत, आपली वाळवलेली केळी!"

नवरा गॅस बंद करून धावत आला. त्याला वाटलं, मला काही झालं.

त्यानंतरच्या एका पत्रात होतं की माल जुलैत बोटीवर चढला आणि तिकडे पोचला तेव्हा पेट्यांत सगळी बुरशी. आता मला दम निघेना. नवऱ्याला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही थेट निर्मळ गाव गाठलं. तिथल्या एक मावशी अजून घरी केळी वाळवतात, दरवर्षी आम्ही त्यांच्याकडूनच घेतो. ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं.

"कुठल्या महिन्यात म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"जुलैत."

"भर पावसात? बाई, याला आठवडाभर कडक ऊन लागतं. वाळवली कशावर, साहेबाच्या टोपीवर?"

मी घाईघाईने मोबाइलवर त्या दोन पत्रांमधलं, घाईत वाचायचं राहिलेलं पत्र शोधलं आणि मराठीत वाचून दाखवलं. 'इथले लोक पाऊस संपेपर्यंत थांबा म्हणतात. पण बोट थांबणार नाही. मी चुलीवर सुकवायला लावली आहेत.'

मावशींनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे सांगितलं होतं त्याला!"

संध्याकाळी लंडनला व्हिडिओ कॉल लावला. कुणाच्या पूर्वजाला खोटं ठरवायचं म्हणजे गंमत नाही. मी तिन्ही पत्रं क्रमाने वाचली. बाईंनी भाषणाची तारीख काढून पाहिली.

"भाषण त्याने नंतर केलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे ठाऊक असूनही तो तसं बोलला."

"हो."

"मग पुस्तकात हे यायलाच हवं. तळटीप तुम्हीच लिहा."

सात वेळा खोडून मी ती लिहिली. मावशींचं टोपीचं वाक्यही घातलं. त्यांना विचारायला गेले तर म्हणाल्या, "घाला की. नाव मात्र नको. निर्मळची बाई म्हणा, बस."

गेल्या महिन्यात पुस्तकाचं पार्सल आलं. कुरियरवाला लिफ्टपर्यंत पोचायच्या आत मी दारातच उभ्या उभ्या तळटीपेचं पान काढलं आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.