दोन पाळ्यांची मुकादम

कॉलेजात तिला सगळे मुकादम म्हणायचे. पहिल्याच वर्षी प्रवेशाच्या दिवशी खिडकीपाशी झुंबड उडाली होती, तेव्हा हिने पुढे होऊन सगळ्यांना असं रांगेला लावलं की कारकूनसुद्धा तिच्याच तोंडाकडे बघायला लागला. नाव चिकटलं ते चिकटलंच. तिसऱ्या वर्षी ती विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निवडून आली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

तिची वहिनी त्याच कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला यायची. दिवसभर दवाखान्यात केसपेपर काढायचे आणि तिथून थेट वर्ग गाठायचा. एकदा वहिनी किल्ली घरीच विसरली. ती द्यायला मुकादम संध्याकाळी कॉलेजात गेली आणि फाटकातच थबकली. ग्रंथालयाला कुलूप, कँटीनचं शटर खाली, व्हरांड्यात जेमतेम एक दिवा. कामावरून आलेली माणसं जिन्यावर बसून बिस्किटं खात होती.

"वहिनी, तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? कॉलेज तुमचं, आम्ही पोटभाडेकरू," वहिनी हसत म्हणाली.

मुकादमच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तिने विद्यार्थी समितीत विषय काढला. चिटणीस कुरकुरला, "त्यांची तक्रार आहे का? नसतं लचांड कशाला गळ्यात घ्यायचं?"

"आपल्या बैठका भरदुपारी. तेव्हा ती माणसं कामावर. तक्रार करायची कुणाकडे, भिंतीकडे?"

मुकादम संध्याकाळच्या वर्गात गेली. ग्रंथालयावरचं भाषण तोंडपाठ करूनच गेली होती. पण पहिल्याच बाकावरचा, गणवेशातला बसचालक म्हणाला, "दरवर्षी कुणीतरी येतं मतं मागायला."

"दादा, निवडणूक झाली. मतं नकोत, तुमच्यापैकी दोघं समितीत हवेत. बैठक तुमच्या वेळेला घेऊ. आधी काय हवं ते तुम्हीच सांगा."

शिवण कारखान्यातली एक बाई उठली. "बायकांचं स्वच्छतागृह पाच वाजताच बंद होतं. आम्ही दुपारनंतर पाणीच पीत नाही."

मुकादमने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने नजर खाली वळवली. ग्रंथालयाचं भाषण मुकादमने तिथेच गुंडाळून ठेवलं.

प्राचार्यबाईंची अडचण खरी होती: उशिरा साफसफाई करायला माणूस नव्हतं. मुकादम सफाईच्या मावशींकडे गेली. मावशींना उशिराचीच पाळी हवी होती, सकाळी नातवाला शाळेत सोडायचं असायचं म्हणून. आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच. आठवड्याच्या आत कुलूप निघालं.

ग्रंथालयाला मात्र वेळ लागला. ग्रंथपालसाहेब म्हणाले, "मी रोज उशिरा घरी गेलो तर बायको मलाच पुस्तकासारखं फळीवर ठेवील." मग दिवसाच्या मुलांनी आळीपाळीने टेबल सांभाळायचं ठरवलं. पहिली पाळी कुरकुऱ्या चिटणीसाने घेतली. त्याला हिशेबाच्या विषयात अडत होतं आणि बसचालकाला तो विषय चांगला येत होता. दोघांची गट्टी जमली. समितीत आता दोन्ही पाळ्यांची माणसं भांडायची, तीही बरोबरीने.

वर्षाअखेरीस प्राचार्यबाईंनी बोलावून सांगितलं, "यंदाचा सेवा सन्मान तुला. सकाळी अकराला सभागृहात ये."

"आनंद झाला, मॅडम," मुकादम म्हणाली. तिला खरोखरच झाला होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. "पण अकराला अर्धं कॉलेज कामावर असतं. संध्याकाळी ठेवू या का?"

बाईंनी चष्मा काढला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेवू."

त्या संध्याकाळी सभागृह भरलं. आई पहिल्या रांगेत पदर सावरत बसली होती, शेजारी वहिनी. दोन शब्द बोलायला बसचालक उठला. "हिने आम्हाला दान म्हणून काही दिलं नाही," तो म्हणाला. "आम्हाला विचारलं, आणि मग आमच्याबरोबर राबली."

टाळ्या वाजत असताना मुकादम मंचावर आली. मानपत्र घेतलं आणि माईकपाशी जाऊन सभागृहावरून नजर फिरवली.

"दाराशी उभे आहात ते पुढे या," ती म्हणाली. "इथे जागा आहे. चिटणीस, जरा त्या खुर्च्या सरकवा."

चिटणीस निमूटपणे उठला.